तीनशे दहा ग्रॅमचा दोर

मी एक जुनी सॅडल आहे, मित्रांनो. खोगीर म्हणा हवं तर, पण घोडा मी जन्मात पाहिलेला नाही. मी झाडाची सॅडल. म्हणजे काय ते आधीच सांगून टाकते, नाहीतर गोष्ट संपेपर्यंत तुम्ही घोडाच शोधत बसाल.

धनुष्यबाणानं शिकार करणारा माणूस मला कमरेला बांधतो, झाडावर चढतो, माझ्या पुढचा दोर खोडाला अडकवतो आणि पाय खोडाला टेकवून माझ्यात रेलून बसतो. हवेतच. चार-चार तास. पूर्वी लोक यासाठी लोखंडी मचाण पाठीवर वाहून न्यायचे आणि झाडाखाली पोचेपर्यंत अर्धमेले व्हायचे. मी आले आणि मचाण बॅगेत मावायला लागलं. माझी घडी घातली की पावाच्या लादीएवढी होते. वजन सहाशे चाळीस ग्रॅम. आकडा लक्षात ठेवा, कारण या गोष्टीत सगळं वजनावरच चालतं.

मला डोळे नाहीत. मला फक्त भार कळतो आणि आवाज ऐकू येतात. कोण बसलंय, किती किलोचं आहे, घाबरलंय की निवांत आहे, सगळं मला कळतं. म्हणून मी जे सांगणार आहे ते मी पाहिलेलं नाही. मी ते पेललेलं आहे.

माझा जन्म मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गमध्ये, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साल दोन हजार वीस, जुलै महिना. बाहेर लॉकडाऊन, आत सहा जणी शिलाई यंत्रांवर, दोघींमध्ये दोन यंत्रांचं अंतर. मला शिवलं वीणाताईनं. मूळची नाशिकची, बोलायला फटकळ, हातात जादू. जिथे जिथे माणसाचा भार येणार त्या प्रत्येक जोडावर ती बेचाळीस टाके घालायची आणि मास्कच्या आतून मोठ्यानं मोजायची. माझ्या दोन्ही कुशींना तिनं जाड पट्टीचे दोन कान शिवले. झाडावर चढताना खोडाभोवती जो दुसरा दोर फिरवतात, त्याची दोन टोकं या कानांत अडकतात. काम झाल्यावर तिनं मला शेडच्या तुळईला टांगलं आणि स्वतः माझ्यात बसून झोके घेतले.

"पोरी, एकदा भार घेतलास ना, की टाकायचा नाही," ती मला म्हणाली. आमच्या शेडमध्ये मराठीत बोलायला तिला माझ्याशिवाय दुसरं होतं तरी कोण!

मग मी पार्सलात गेले. चार दिवसांचा प्रवास, त्या वर्षी पाच आठवडे लागले. उघडली गेले ती क्वीन्सलँडमधल्या टूवूंबाला, विक्रांतच्या गॅरेजमध्ये.

विक्रांत मूळचा भोरचा. मेलबर्नमधल्या क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत शिकायला आला, मग पीआर, म्हणजे इथं कायम राहायचा परवाना, मिळाला, आणि आता टूवूंबाच्या एका लॅबमध्ये तपासनीस. दिवसभर लोकांच्या नाकातले स्वॅब तपासायचे. सोमवार ते शुक्रवार त्याच्या कानात फोनच फोन. शनिवारी त्याला असं ठिकाण हवं होतं जिथं कोणी खोकत नाही. बॅरी नावाच्या ओळखीच्या शेतकऱ्यानं ते दिलं. त्याच्या शेतात रानटी हरणं घुसून पीक फस्त करायची. "कम एनी आर्वो, मेट. नो वरीज," बॅरी म्हणाला. म्हणजे कुठल्याही दुपारी ये. विक्रांतनं धनुष्य आधीच घेतलं होतं, आता मी आले.

आणि माझ्या आधीपासून त्या घरात एक काटा होता. हातात धरायचा, सुटकेस लटकवून वजन करायचा. भारतात जाणाऱ्या आपल्या माणसांकडे तो असतोच. तेवीस किलो म्हणजे तेवीस. जास्त झालं तर विमानतळावर शोभा, कमी झालं तर जीवाला चुटपुट, की अजून दोन पाकिटं बदाम मावले असते! मार्चमध्ये विक्रांतनं अशीच एक सुटकेस बरोबर तेवीस किलोवर आणून ठेवली होती. आणि विमानं बंद झाली. ती भरलेली सुटकेस हॉलच्या कोपऱ्यात उभी राहिली आणि काटा बिचारा बेकार झाला. मग विक्रांतनं त्याला माझ्या कामाला लावलं. मी, चार चढायच्या काठ्या, पाय ठेवायची पाटी, खोडाचा दोर, दुसरा दोर, पाणी, खाऊ, सगळं बॅगेत घालून तो काट्याला लटकवायचा.

"नऊ किलो दोनशे," तो म्हणायचा. "मयूरा, आठच्या आत आणतो की नाही बघ."

"चेक-इन कुठं करायचंय तुला? झाडावर?" मयूरा, त्याची बायको, हसायची. ती घरून काम करायची, त्यामुळे गॅरेजमधल्या या वजनबाजीची ती एकुलती एक प्रेक्षक होती.

पण खरंच, मित्रांनो, त्यानं निवड मोठी छान केली. दोरांचे पोलादी आकडे काढून अॅल्युमिनियमचे आणले. पट्ट्यांची लोंबती शेपटं कापून टाकली. मोठ्या पाटीऐवजी तळहाताएवढी घेतली. चिवडा वजनाला हलका म्हणून नेला, पण झाडावर त्याची कुरकुर ऐकून हरणं पळाली, तेव्हापासून डिंकाचा लाडू. लाडू आवाज करत नाही. सगळं एका शाळेच्या दप्तराएवढ्या बॅगेत बसायला लागलं, तेव्हा मलाही माझा अभिमान वाटला.

पहिल्या शनिवारी निघण्याआधी त्यानं भोरला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. त्याचे वडील मुरलीधरअप्पा चहा घेत होते. अप्पा वीजखात्यात लाइनमन होते. एकतीस वर्षं खांबावर चढले. विक्रांतनं मला कमरेला बांधून दाखवलं आणि अप्पांनी चहा बाजूला ठेवला.

"अरे, हे तर आमचंच!" अप्पा म्हणाले. "जरा वळ. कुशीला कान आहेत का? हां, आहेत. दुसरा दोर कुठाय?"

"बॅगेत आहे, अप्पा. त्याला इकडे लाइनमनचाच दोर म्हणतात."

"म्हणायलाच पाहिजे. ऐक. पहिला सोडायच्या आधी दुसरा लाव. आणि लावलास की दोनदा ओढून बघ. एकदा नाही, दोनदा. विलास एकदाच ओढायचा."

विलास कोण, ते विक्रांतला माहीत होतं. अप्पांचा जोडीदार, खांबावरून पडलेला. अप्पांनी त्याचं नाव त्यानंतर कधी घेतलं नाही, पण त्या दिवसापासून दर शनिवारी त्यांचा फोन यायला लागला. मी बॅगेत, बॅग दाराशी, आणि फोनमधून एकच प्रश्न.

"दुसरा दोर घेतलास का?"

"घेतला, अप्पा."

"दोनदा ओढायचा."

"हो, अप्पा."

ओवी, विक्रांतची आठ वर्षांची लेक, चिडायची. "आजोबा, you ask the same thing every time!" अप्पांना इंग्रजी फारसं कळत नव्हतं. ते नुसते हसायचे.

ते आठ-नऊ महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. विक्रांत चढायचा, दुसरा दोर खोडाभोवती फिरवायचा, माझ्या कानांत अडकवायचा आणि दोनदा ओढायचा. मी दोनदा ताणली जायचे. मग वीस फुटांवर, एका जाड आडव्या फांदीच्या वर, आम्ही बसायचो. अठ्ठ्याहत्तर किलोंचा भार, हळूहळू सैल होत जाणारा. त्यानं दोन हरणं मारली आणि बॅरीला मांस दिलं. बाकीच्या वेळी तो नुसताच बसायचा. मला वाटतं, तो त्यासाठीच यायचा.

मग दोन हजार एकवीसचा एप्रिल आला. अप्पा आजारी पडले. अकरा दिवस पुण्याच्या दवाखान्यात होते. विक्रांतला जाता आलं नाही, कारण गेला असता तर परत येता आलं नसतं, आणि जाण्याचीही परवानगी मिळेना. चुलतभाऊ राजीवनं स्मशानात फोन धरला. विक्रांतनं ते सगळं गॅरेजमध्ये उभं राहून पाहिलं, माझ्यापासून दोन हातांवर. आठ मिनिटांनी तिकडची रेंज गेली.

तो त्यानंतरचा पहिला शनिवार. बॅग दाराशी होती. विक्रांत तिच्याशेजारी उभा राहिला, फोन हातात धरून. फोन वाजला नाही. तो निघाला. त्या दिवशी त्यानं झाडावर लाडू खाल्ला नाही.

आणि मग त्यानं वजन कमी करायला घेतलं. आधी एक काठी काढली. चारऐवजी तीन. मग पाटी काढली. मग पाण्याची बाटली लहान केली. प्रत्येक शुक्रवारी संध्याकाळी काटा हातात, बॅग लटकलेली, आणि त्याचा आवाज, सात आठशे, सात चारशे, सहा नऊशे. अंगानंही तो उतरत चालला होता. अठ्ठ्याहत्तरचा चौऱ्याहत्तर, मग एकाहत्तर. मला काटा लागत नाही.

"बॅग हलकी करतोयस की स्वतःला?" मयूरानं एकदा विचारलं.

"हलकं असलं की पटकन चढता येतं," तो म्हणाला. हे काही उत्तर झालं का?

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी त्यानं दुसरा दोर हातात घेतला. काट्याला लावला. तीनशे दहा ग्रॅम. बराच वेळ तो दोर तसाच लटकत होता. मग त्यानं हॉलमधली ती सुटकेस उघडली, सव्वा वर्षात पहिल्यांदा, आणि दोर अप्पांसाठी घेतलेल्या सामानावर ठेवून चेन लावून टाकली. मयूराला म्हणाला, "एकाच दोरावर चढणारे पुष्कळ आहेत. इंटरनेटवर बघ."

खोटं नव्हतं ते. एका दोरावर चढणारे आहेत. पण मध्ये फांदी आली की तो एकुलता दोर सोडून फांदीच्या वर लावावा लागतो, आणि तेवढ्या चार सेकंदांत माणूस कशालाच बांधलेला नसतो. हे विक्रांतला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. लाइनमनचा मुलगा तो! ग्रॅमचं नुसतं निमित्त होतं, मित्रांनो. तो दोर हातात घेतला की कानात अप्पांचा प्रश्न यायचा, आणि तो प्रश्न त्याला सोसवत नव्हता. मी मनातून त्याच्यावर फार रागावले होते, पण सॅडलचं कोण ऐकतं.

पुढच्या दिवशी, शनिवारी, दुपारी तीन वाजता आम्ही चढत होतो. वारा पडलेला होता. तिसऱ्या काठीवर, फांदीच्या जरा खाली, विक्रांतनं दोर सोडण्यासाठी हात वर नेला आणि माझा डावा कान ओढला गेला.

हलकासा. मग पुन्हा.

दोनदा.

माझ्या कानांत काहीही नव्हतं. विक्रांत थांबला. त्याच्या छातीतले ठोके माझ्या पट्ट्यांमधून मला स्पष्ट जाणवत होते. त्यानं मागे वळून पाहिलं, कुशीवरून हात फिरवला, रिकामा कान चाचपला. मग त्यानं दोर सोडला, फांदीवरून नेला, लावला. काही झालं नाही. त्या दिवशी तो अंधाराच्या खूप आधी उतरला.

त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. तीच उंची, तीच फांदी. या वेळी दोन्ही कान. दोनदा. आणि या वेळी जरा जोरात, जसं कोणी ऐकत नसलेल्या पोराला ओढावं. विक्रांत मोठ्यानं म्हणाला, "कोण आहे?" एवढ्या उजेडात, वीस फुटांवर, असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचं अंग कसं गार पडतं, ते मी कमरेला असल्यामुळे मला माहीत आहे. पण घरी येऊन त्यानं बॅगेत दोर घातला नाही. सुटकेस उघडावी लागली असती ना!

तिसरा शनिवार. आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि खोडाची साल निसरडी होती. त्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. एकोणसत्तर किलो. फांदीखाली पोचलो. मी वाट पाहत होते, कान ओढले जायची. ओढले गेले नाहीत. मला वाटलं, चला, संपलं एकदाचं. विक्रांतनंही सुटकेचा श्वास टाकला. त्यानं दोर सोडला.

आणि त्याचा पाय सटकला.

माणूस पडायला लागला की सॅडलमधला भार नाहीसा होतो. शून्य होतो. मला बनवताना वीणाताईनं जे जे सांगितलं होतं ते सगळं त्या एका क्षणात माझ्या हातून निसटलं. भार टाकायचा नाही म्हणाली होती, आणि इथं माझ्याकडे भारच उरला नव्हता.

मग माझे दोन्ही कान ताणले गेले.

खोडाभोवती दोर फिरवलेला असावा तसे, दोन्ही बाजूंनी सारखे, घट्ट. विक्रांत खोडापासून हातभर अंतरावर तिरका लटकला होता. पायाखाली काही नाही. हातात काही नाही. सगळे एकोणसत्तर किलो माझ्या कानांवर, आणि कानांत काही नाही. मी टाके मोजायला लागले, वीणाताईसारखे. एक, दोन, तीन. दोराला ताण आला की तो थरथरतो, हे मला ठाऊक आहे. हा थरथरत नव्हता. खोडाच्या पलीकडे कोणीतरी पाय रोवून, संथ श्वास घेत, धरून ठेवल्यासारखा तो भार होता. सवयीच्या हाताचा. एकतीस वर्षांच्या सवयीचा म्हटलं तरी चालेल.

अडतीस. एकोणचाळीस. विक्रांतचा हात फांदीला लागला. पायाला काठी सापडली. बेचाळीसला त्यानं दोर फांदीच्या वर अडकवला, त्याचा आकडा खटकन बंद झाला, आणि त्याच क्षणी माझे कान सैल झाले. सोडले नाहीत कोणी, हं. हळूच खाली ठेवले.

विक्रांत फांदीला मिठी मारून रडला. फार वेळ रडला. गॅरेजमध्ये फोन हातात धरून उभा होता तेव्हा तो रडला नव्हता.

घरी आल्यावर त्यानं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, मयूराला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. तिनं आधी त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली, मग त्याला जवळ घेतलं.

"खाली हरीण उभं होतं," तो म्हणाला. "मी तिरका लटकलो होतो, तरी ते पळालं नाही. ते माझ्याकडे बघतच नव्हतं, मयूरा. खोडाच्या पलीकडे बघत होतं."

मयूरा उठली, हॉलमध्ये गेली आणि सुटकेसची चेन तिनं स्वतः उघडली. दोर काढून आणला आणि टेबलावर त्याच्यासमोर ठेवला. मग तिनं मला उचललं, उजेडात धरलं आणि माझे कान पाहिले. डाव्या कानाचे तीन टाके तुटले होते. उजव्याचे दोन. बाकीचे लांबट झाले होते.

माझ्या लेबलावर शेडचा नंबर होता; विक्रांतनं फोटो काढून तिथे वीणाताईला पाठवले आणि फोन लावला. बावीस वर्षं यंत्रावर बसलेली बाई, तिला फोटो पुरला.

"मोठा झटका बसलाय हिला," वीणाताई म्हणाली. "पण वाचलात हो. दुसरा दोर लावला होता म्हणून."

"लावला नसता तर?"

"तर टाके शाबूत राहिले असते, आणि तुम्ही नसतात! रिकाम्या कानाचे टाके कसे तुटतील? दोर होता. दोन्ही बाजूंनी सारखा धरलेला होता. अगदी सरळ ओढ आहे, तिरकी नाही. ज्यानं लावला त्याला काम येत होतं."

विक्रांतनं फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वीणाताई पलीकडून विचारत राहिली, "हॅलो? ऐकू येतंय का? ती आता वापरू नका हं! नवीन पाठवते."

नियम आहे तो, मित्रांनो. एकदा असा भार पेललेली सॅडल पुन्हा वापरायची नसते. नवीन आली. माझ्याहून साठ ग्रॅमनं हलकी, असं ऐकते. मी गॅरेजमध्ये एका प्लॅस्टिकच्या टबात आहे, ख्रिसमसच्या लाइट्स आणि ओवीच्या जुन्या फ्लोटीजच्या, म्हणजे पोहायच्या हवेच्या कड्यांच्या, खाली. धूळ बसते, कोळी येतात. नियमाप्रमाणे मला कापून कचऱ्यात टाकायला हवं होतं. विक्रांतनं एकदा कात्री घेतलीही होती. पण माझे कान हातात धरून तो नुसताच बसला आणि पुन्हा मला घडी घालून ठेवून गेला. वजनाचा काटा माझ्याशेजारीच आहे. आता बॅगेचं वजन कोणी करत नाही. ती किती किलोची आहे ते घरात कोणालाच माहीत नाही. विक्रांत पुन्हा अठ्ठ्याहत्तरचा झालाय का, तेही मला कळायला मार्ग नाही. ही एक खंत आहे.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. सामान हलकं करा, जरूर करा, मीच त्यासाठी जन्माला आले. पण ज्या वस्तूत कोणाची काळजी गुंडाळलेली असते, ती काट्याला लावू नका. आणि माझ्यासारखी जुनी वस्तू अडगळीत दिसली तर तिचे उसवलेले टाके नीट बघून घ्या. कोणाच्या ओढीनं ते उसवलेत, ते कोणी सांगावं.

आज शनिवार आहे. गॅरेजचं दार उघडं आहे. विक्रांत बॅग पाठीला लावतोय, आणि पायरीवर ओवी उभी आहे. ती पोर आईबापाशी इंग्रजीतच बोलते, मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. पण नवीन सॅडल आल्यापासून दर शनिवारी दुपारी ती अप्पांचीच दोन वाक्यं मराठीत म्हणते. तिला कोणी सांगितलेलं नाही.

"बाबा, दुसरा दोर घेतलास का?"

"घेतला, बाळा."

"दोनदा ओढायचा."

विक्रांत हो म्हणतो, गाडी सुरू होते. आणि इथे टबात, लाइट्स आणि फ्लोटीजच्या खाली, घडी घातलेल्या माझे रिकामे कान कोणीतरी ओढून बघतं. एकदा. मग पुन्हा एकदा.